सही करण्याआधी

अपघात हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. साक्षी म्हणजे साक्षीदार, हे कोणालाही कळते. कन्नडातला 'गाय' म्हणजे आपला घाय, घाव; पण नवख्या मराठी माणसाला तो शब्द ऐकून गोठा आठवतो. 'परिहार' म्हटले की आपल्याला शंकेचा परिहार सुचतो आणि कन्नड माणसाला नुकसानभरपाई. 'सही' मात्र दोन्हीकडे सहीच. दोन भाषांच्या घरात अपघातानंतर सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो याच शब्दापाशी, म्हणून आज थोडे त्याविषयी.

निमित्त सांगतो. माझ्या एका मित्राची पत्नी बैलहोंगलकडची, माहेर अस्सल कन्नड. शहापुरात सासर, गेली अठरा वर्षे. मराठी अशी बोलते की कोणी ओळखणार नाही. छापील मराठी वाचते, हाताने लिहिलेले मात्र नाही. घरी शिलाईयंत्र आहे; ब्लाउज शिवणे, फॉल-पिको, सणावारी झंपर आणि परकर. २०२३ च्या मार्चमध्ये मंडळी मोटारीने अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला निघाली होती. कोगनोळी ओलांडून कागलच्या पुढे गेल्यावर बाजूच्या रस्त्याने आलेली गाडी त्यांच्या डाव्या दाराला धडकली. सासऱ्यांच्या कपाळाला खोक पडली, वहिनींचा उजवा हात डॅशबोर्डवर आपटला. बाकी सगळे धडधाकट. शेजारच्या फडातून ऊस भरून निघालेला एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याने सासऱ्यांच्या कपाळावर स्वतःचा टॉवेल दाबून धरला आणि रुग्णवाहिकेला फोन केला.

दुसऱ्या गाडीतले गृहस्थ वयस्कर, बोलायला गोड. "ताई, देवीनं राखलं. पोरगं आत्ताच नोकरीला लागलंय, केस झाली तर त्याचं नुकसान. लागलं ते मी देतो." मित्र म्हणाला, "जाऊ दे की ओ, कुठं कोर्टात जाणार परमुलखात." दहा हजार रुपये हातावर ठेवले गेले आणि एका वहीच्या पानावर चार ओळी लिहून वहिनींची सही घेतली. वहिनींनी ती कन्नडात केली. त्या चार ओळींत काय होते हे त्यांना तीन आठवड्यांनी कळले: मला कोणतीही दुखापत झालेली नाही, पुढे कसलीही तक्रार करणार नाही.

मनगट सुजले होते. त्याच दिवशी एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. गोळ्या, क्रेप बँडेज, आठ दिवस विश्रांती. बाराव्या दिवशीही कात्री धरता येईना तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला. अंगठ्याच्या बाजूला मनगटात काजूच्या आकाराचे एक हाड असते, त्याला स्कॅफॉइड म्हणतात. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. दहा-पंधरा दिवसांनी दिसते. त्या हाडाला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे वेळेवर जखडले नाही तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचे अधू होते. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये.

आता सगळे पहिल्यापासून पाहू. गाडी थांबली, माणसे भानावर आली की आधी माणसांकडे बघायचे. ११२ हा क्रमांक देशभर एकच आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे आहे, त्यामुळे सीमेच्या अलीकडे की पलीकडे हा विचार करत बसू नये. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून घट्ट दाबून धरायची, दर मिनिटाला उघडून बघायचे नाही. जखमेत हळद, चहापूड, चुना काही भरायचे नाही. डॉक्टरांना ती आधी धुवावी लागते. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला ओढून उठवायचे नाही, गाडीला आग लागण्याचा किंवा दुसरी गाडी येऊन आदळण्याचा धोका असेल तरच हलवायचे. आणि पाणी. आपल्याकडे माणूस पडला की पहिल्यांदा तांब्या पुढे येतो. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि शस्त्रक्रिया लागणार असेल तर पोट रिकामे हवे असते. ओठ ओले करा, तेवढे पुरे.

डोक्याला मार लागलेला माणूस चालता-बोलता असला तरी पुढचे दोन दिवस त्याच्यावर लक्ष हवे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, सारखी झोप, बोलण्यात गोंधळ, एक बाहुली मोठी दिसणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. सीटबेल्टचा वळ पोटावर उठला असेल आणि पोट दुखू लागले, लघवी लाल झाली, तर आतला मार असू शकतो. घरातले वडीलधारे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. थोड्या माराने त्यांच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मुका मार म्हणून हाडवैद्याकडे चोळायला नेण्याची घाई करू नये. मला हाडवैद्यांविषयी आकस नाही, पण एक्स-रेच्या आधी चोळणे म्हणजे मोडलेले हाड सरकवणे.

दवाखान्यात गेल्यावर पैसे आधी भरा, पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असे कोणी म्हटले तर ते चालत नाही. तातडीचे उपचार देणे हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, पोलिसांची औपचारिकता नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यातच सांगून ठेवले आहे. त्यात २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने एक योजना अधिसूचित केली. रस्ता अपघातातील जखमीला, तो कोणीही असो, नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची तीत तरतूद आहे. कोणते रुग्णालय यादीत आहे ते ११२ वर विचारता येते. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर व्यवस्थापकाला भेटा. नव्या योजनेची माहिती काउंटरपर्यंत उतरायला वेळ लागतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

दवाखान्यात एक गोष्ट मात्र न विसरता करायची. 'जिन्यावरून पडलो' असे सांगायचे नाही. पोलिसांची कटकट नको म्हणून असे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. रस्त्यावरचा अपघात म्हणून सांगितले की केसपेपरवर एमएलसी पडते, पोलिसांना कळवले जाते आणि कोणत्या गाडीने, कुठे, किती वाजता हे पहिल्या कागदावर येते. पुढे दोन वर्षांनी न्यायालयात हाच पहिला कागद सगळ्यांच्या आधी उघडला जातो. दुखणारी प्रत्येक जागा त्यावर लिहून घ्या, किरकोळ वाटली तरी. वहिनींच्या पहिल्या केसपेपरवर 'उजवे मनगट, सूज' एवढे तीन शब्द होते. त्या तीन शब्दांनी त्यांची पुढची अर्धी बाजू सांभाळली.

आता पोलीस. आपल्या भागातली अडचण अशी की घर एका राज्यात, अपघात दुसऱ्या राज्यात, दवाखाना कधी तिसऱ्यात. चंदगडचा माणूस बेळगावात उपचार घेतो, खानापूरचा चोर्ला घाटातून थेट बांबोळीला पोहोचतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही म्हणून गंभीर अपघाताची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्याला नाकारता येत नाही. ती नोंदवून योग्य त्या ठाण्याकडे पाठवायची असते. तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेऊन ती वाचून दाखवली पाहिजे, मग सही, आणि एक प्रत फुकट. महाराष्ट्रात त्या कागदावर 'प्रथम खबर' असते, कर्नाटकात 'प्रथम वर्तमान वरदी'. तिकडचा पंचनामा तो इकडचा महजर. लिपी वाचता येत नसेल तर संकोच न करता "ओदी हेळ्री" म्हणावे, वाचून सांगा. तपासात पोलीस जो जबाब टिपून घेतात त्यावर तर जबाब देणाऱ्याची सही घेण्याची तरतूदच नाही. आपल्या घरांत एक सोय असते, जी पुण्याच्या किंवा धारवाडच्या घरात नसते: कन्नड वाचणारी सून आणि मराठी वाचणारा सासरा एकाच छपराखाली राहतात. कागद घरी दाखवतो, मग सही करतो, असे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

'राजी माडकोळ्री', आपसात मिटवा, हा सल्ला जागेवरच चारजण देतात. गाडीचा पत्रा चेपला एवढेच असेल तर मिटवायला हरकत नाही. शरीराला लागले असेल तर त्या दिवशी मिटवू नये, कारण किती लागले ते त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. समोरचा माणूस वाईट असतो असे नाही. त्या गृहस्थांचीही मुलाबद्दलची काळजी खरी होती. पण एक गोष्ट पुष्कळांना उमगत नाही: भरपाई त्यांच्या खिशातून जायची नसते. त्यांच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो, तो कायद्याने सक्तीचा आहे, आणि शरीराच्या इजेची भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. तक्रार न करून आपण त्या कुटुंबावर नव्हे, विमा कंपनीवर उपकार करतो. तशी चिठ्ठी लिहून दिली म्हणून हक्क आपोआप बुडतो असेही नाही. विरुद्ध बाजूचा वकील मात्र तीच चिठ्ठी सगळ्यांच्या आधी काढतो.

वहिनींनी तीन आठवड्यांनी त्या हद्दीतल्या ठाण्यात जाऊन तक्रार दिली. उशीर झाला म्हणून दावा संपत नाही. उशिराचे कारण पटण्यासारखे असेल तर तेवढ्यावरून भरपाई नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. पण मग प्रत्येक गोष्ट जास्त कष्टाने सिद्ध करावी लागते.

दावा कुठे करायचा, हा प्रश्न मित्राला सतावत होता. कोल्हापूरला तारखांना हेलपाटे कोण घालणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ ने याचे उत्तर फार सोपे दिले आहे. अपघात जिथे घडला तिथल्या, किंवा जखमी जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथल्या, किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. म्हणजे कागलला झालेल्या अपघाताचा दावा बेळगावात चालतो. कागदपत्रे मराठीत असतील तर त्यांचे भाषांतर जोडावे लागते, तेवढा खर्च आणि वेळ धरून चालावे.

मुदतीकडे मात्र डोळेझाक नको. पूर्वी, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, अशा दाव्याला मुदतच नव्हती, आणि जुनी माणसे अजून तेच सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. अंतरिम म्हणजे तात्पुरता. त्याच्या भरवशावर बसण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो, हेही त्याच वेळच्या नियमांत आहे. तुमच्या प्रकरणात तो गेला का, हे विचारत राहावे.

भरपाई कशी ठरते याविषयी लोकांत विलक्षण समज आहेत. हाड मोडले तर इतके, दात पडला तर इतके, असा काही दरपत्रकाचा फळा न्यायालयात लावलेला नसतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, पुढची घटलेली कमाई, सोसलेल्या वेदना, आयुष्यातल्या गमावलेल्या गोष्टी असे वेगवेगळे हिशेब होतात. यात राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्गदर्शक मानला जातो. त्याचे सार असे की डॉक्टर सांगतात ते अपंगत्वाचे टक्के आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. हाच न्याय शिवणकाम करणाऱ्या बाईच्या उजव्या मनगटाला लावून पाहा. डॉक्टरांच्या दाखल्यात टक्के थोडे असतील, पण कात्री चालत नाही म्हणजे धंदाच बसला.

कमाईचा पुरावा काय, असे वकिलांनी विचारले तेव्हा मित्र गप्प झाला. पावतीपुस्तक नाही, प्राप्तिकराचे विवरण नाही. वहिनींनी आतून एक वही आणली. गिऱ्हाइकाचे नाव, माप, आगाऊ रक्कम, बाकी, सगळे कन्नडात, आठ वर्षांचे. वकील खूष झाले. ज्या बायका बाहेर कमावत नाहीत त्यांच्याही घरकामाचे मोल न्यायालये धरतात. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितले आहे. तेव्हा 'ती घरीच असते' असे अर्जात लिहून मोकळे होऊ नका.

कागद जपण्यासाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी करा. औषधांची बिले रुग्णाच्या नावाची, एक्स-रेचे नुसते रिपोर्ट नव्हे तर फिल्म, रिक्षाभाडे, मदतीला ठेवलेल्या बाईचा पगार, रजेचा दाखला. डिस्चार्ज कार्ड आणि वूंड सर्टिफिकेट मूळ प्रती कोणालाही देऊ नका, अगदी वकिलालाही पोच घेतल्याशिवाय नाही. दुसऱ्या गाडीचा क्रमांक मिळाला की परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तिचा विमा चालू होता का ते कळते.

स्वतःच्या गाडीचे दोन मुद्दे थोडक्यात. चूक आपल्याच चालकाची असेल आणि तुम्ही शेजाऱ्याच्या गाडीत फुकट बसून निघाला असाल, तर त्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा तुम्हाला उपयोगी पडत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर आतली माणसे येतात. लग्नसराईत दहा घरची माणसे एका गाडीत भरताना हे कोणी विचारत नाही. आणि गाडीचा मालक स्वतः चालवत असून स्वतःच्याच चुकीने जखमी झाला तर त्याला आधार फक्त वैयक्तिक अपघात संरक्षणाचा. २०१८ पासून ते पंधरा लाखांचे आहे, पण मृत्यू आणि कायमचे मोठे अपंगत्व एवढ्यापुरते.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर? तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच आकडे साडेबारा आणि पंचवीस हजार होते. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. यासाठीही एफआयआर आणि दवाखान्याचा कागद लागतो, म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसाशीच येतो आपण.

दवाखान्याच्या व्हरांड्यात 'आम्ही सगळं बघतो, मिळालेल्या रकमेतले अमुक टक्के द्या' म्हणणारे लोक भेटतील. वकिलाने निकालाच्या रकमेत वाटा ठरवू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे; मध्यस्थाचा तर प्रश्नच नाही. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर सही देऊ नका. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करून विचारता येते.

वहिनींचा दावा बेळगावात पाचव्या महिन्यात दाखल झाला, अजून चालू आहे. मनगट वळते, पण जाड कापड कापताना थांबावे लागते; कटिंगला आता धाकटी नणंद येते. त्या ट्रॅक्टरवाल्याला साक्षीला बोलवावे का, याची घरात चर्चा झाली. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ ने तसे संरक्षण दिले आहे. शिवाय गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला २०२५ पासून राहवीर योजनेत २५ हजारांचे बक्षीस आहे. आपण होऊन येतो म्हणाला तर उत्तम, असे ठरले. मागच्या दिवाळीनंतर सासरे स्वतः कागलला गेले, नवा टॉवेल आणि फराळाचा डबा घेऊन. गळीत हंगाम चालू होता, माणूस फडात भेटला. येतो म्हणाला, तारीख तेवढी आठ दिवस आधी कळवा, म्हणाला.